तुकड्यावरून कमान
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर सध्या रोज कुणी ना कुणी बोलतंच. मला पंधरा-वीस मिनिटं देणार असाल तर मी सुतारकामावर बोलते. पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "बरं, पण शाळेचा काहीतरी संबंध येऊ दे." संबंध आहे. दहावीच्या भूमितीचा आहे, वर्तुळाच्या प्रकरणाचा. आणि आपल्या शाळेतून नववीनंतर बाहेर पडलेल्या एका मिस्त्रींचाही आहे. ते आज या सभागृहात बसले आहेत. नाव घ्यायचं नाही अशी त्यांनी मला तंबी दिली आहे, म्हणून मी त्यांना नुसतं दादा म्हणणार आहे.

प्रश्न असा. एका लाकडी कमानीचा तुकडा तुमच्या हातात आहे. बाकीची कमान कुजून गेली. मूळ कमान केवढी होती, तिची त्रिज्या किती होती, हे त्या तुकड्यावरून सांगता येईल का?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो सांगलीत. माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं सांगलीत गेली, विश्रामबागला वालचंद कॉलेजात. राहायला मी गावभागात आत्याच्या घरी होते. जुनं दोन चौकांचं घर. सोप्यातून माजघरात जाताना चार फूट रुंदीची कमानदार चौकट होती, सागवानी. दाराची पानं नव्हती, नुसती चौकट.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. आपल्या माहुलीच्या घाटावरून जे पाणी जातं तेच पुढे सांगलीला पोहोचतं. तिथे कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. पूल १९२९ चा, दगडी कमानींचा. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या बहुतेक घरांत शिरलं, आत्याच्याही. पाणी ओसरल्यावर चौकटीकडे पाहिलं तर डावी बाजू आधीच वाळवीने पोखरलेली होती, ती पाण्याने मोडून पडली होती. तिच्या डोक्यावरच्या विटाही सुटल्या होत्या. उजवी अर्धी कमान मात्र जागेवर होती आणि तिच्या वरच्या विटाही धरून होत्या.

एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला: "राहिलेलं पाडू, चौकोनी ओपनिंग करू, वर आरसीसीचा लिंटेल टाकू. तुकड्यावरून कमान होत नसते." त्याच्या दृष्टीने ते स्वस्त आणि सोपं होतं. आत्या काही वाद घालणारी बाई नाही. ती एवढंच म्हणाली, "सगळं बदललं तर मग हे घर माझं कसं?" तेव्हा मी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, जुनं लाकूडकाम करणारं कुणी आहे का. त्यातून दादांचा नंबर मिळाला. आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढे होते. दादा साताऱ्याहून एसटीने सांगलीला आले, तुकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, घाई करू नका. आधी वाळू द्या. ओल्या लाकडाचं माप खोटं असतंय."

तुकडा उतरवून सावलीत ठेवला. उन्हात ठेवला तर तडकतो. माप घेतलं ते संक्रांत झाल्यावर.

आता मी तुम्हाला जरा वर्गात नेते. वर्तुळातल्या रेषाखंडाला आपण 'जीवा' म्हणायचो. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, हे मला त्या वयात कुणी सांगितल्याचं आठवत नाही. कमान हे धनुष्य. तिची दोन टोकं जोडणारी आडवी रेघ ही दोरी, म्हणजे जीवा. आणि दोरीच्या मध्यापासून कमानीच्या माथ्यापर्यंतची उंची म्हणजे दोरीला लावलेला बाण. जुन्या गणितात त्या उंचीला 'शर' असंच नाव आहे. सुताराच्या भाषेत जीवा म्हणजे गाळा आणि शर म्हणजे कमानीची उंची.

दहावीला प्रमेय होतं: वर्तुळाच्या आत दोन जीवा एकमेकींना छेदतात, तेव्हा एकीच्या दोन भागांचा गुणाकार दुसरीच्या दोन भागांच्या गुणाकाराएवढा असतो. आता कमानीचं उरलेलं वर्तुळ मनात पूर्ण करा. माथ्यातून सरळ खाली जाणारा व्यास गाळ्याला बरोबर मध्ये छेदतो. म्हणजे गाळ्याचे दोन भाग सारखे, अर्धा आणि अर्धा. व्यासाचे दोन भाग मात्र वेगळे: वरचा शर, आणि खालचा उरलेला सगळा. म्हणून अर्धा गाळा गुणिले अर्धा गाळा बरोबर शर गुणिले उरलेला व्यास. संपलं. यातूनच त्रिज्या निघते.

तोंडी करायची रीत अशी. अर्ध्या गाळ्याला त्याच संख्येने गुणा. आलेल्या संख्येला शराने भागा. त्यात शर मिळवा. हा झाला व्यास. त्याचं निम्मं म्हणजे त्रिज्या.

हे काही पाठ्यपुस्तक मंडळाने शोधलेलं नाही. अर्ध्या ज्येचा वर्ग म्हणजे दोन शरांचा गुणाकार, हा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये एका ओळीत सांगितला. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त व्यास १० आणि जीवा ६ असेल तर शर किती, असं उदाहरण आहे. उत्तर १. पडताळून पाहा: अर्धी जीवा ३, तीन त्रिक नऊ, आणि एक गुणिले नऊ नऊ. त्याच ग्रंथातलं तळ्यातल्या कमळाचं उदाहरण तर मला फार आवडतं. कमळ पाण्यावर अर्धा हात वर आहे. वाऱ्याने कललं आणि दोन हातांवर पाण्यात बुडालं. तर पाणी किती खोल? आता याच्याकडे सुताराच्या नजरेने पाहा. अर्धा हात हा शर, दोन हात हा अर्धा गाळा, देठ म्हणजे त्रिज्या, आणि तळाशी जिथे मूळ रुतलं आहे ते केंद्र. दोन गुणिले दोन चार, भागिले अर्धा आठ, अधिक अर्धा साडेआठ, निम्मं सव्वाचार. देठ सव्वाचार हात, म्हणून पाणी पावणेचार हात. केंद्र पाण्याखाली आहे, तिथे आपला हात पोहोचत नाही. पण पाण्यावर दिसणाऱ्या दोन मापांवरून ते सापडतं. कमानीचंही तेच. केंद्र हवेत असतं, जमिनीत असतं, कधी शेजाऱ्याच्या घरात असतं. सुताराला मोजता येतात ती दोनच मापं.

परत सांगलीला येऊ. अख्खी कमान असती तर गाळा आणि उंची मोजून काम झालं असतं. आमच्याकडे अर्धीच होती, आणि माथ्याचा सांधा तुटलेला. पण प्रमेयाला पूर्ण कमान लागत नाही. कोणतीही जीवा चालते. दादांनी २४ इंच लांबीची सरळ पट्टी घेतली आणि तुकड्याच्या आतल्या, खोलगट बाजूला दोन्ही टोकं टेकतील अशी धरली. पट्टीच्या मध्यापासून लाकडापर्यंतचं अंतर मोजलं. ते आलं २ इंच ४ सूत. इथे शहरातली मुलं आहेत त्यांच्यासाठी सांगते, इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. तर शर अडीच इंच.

अर्धी जीवा १२. बारा गुणिले बारा १४४. भागिले अडीच, ५७.६. अधिक अडीच, ६०.१. निम्मं ३०.०५. म्हणजे त्रिज्या ३० इंच. गाळा भिंतीवर मोजता येत होता, ४८ इंच. त्याचा अर्धा २४. आता ३० चा वर्ग ९००, वजा २४ चा वर्ग ५७६, उरले ३२४. त्याचं वर्गमूळ १८. केंद्र कमानीच्या टोकांना जोडणाऱ्या रेघेच्या १८ इंच खाली, आणि कमानीची उंची ३० वजा १८, म्हणजे १२ इंच. बरोबर एक फूट.

मी हे आकडे प्लायवर लिहीत होते: १८, २४, ३०. दादा मागून बघत होते. ते म्हणाले, "ताई, हा तर आपला गुण्याच निघाला." प्रत्येकाला सहाने भागा: तीन, चार, पाच. पाया आखताना काटकोन काढायला गवंडी आणि सुतार दोरीवर हेच तीन-चार-पाच धरतात. जुन्या कारागिराने चार फुटांच्या गाळ्याला एक फूट उंची ठेवली ती उगाच नव्हे, असं दादांचं मत पडलं. तीन-चार-पाचवर बसवलं की केंद्राचा खिळा कुठे मारायचा हे गणित न करता कळतं. त्या कारागिराच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू? पण आकडे जुळत होते एवढं खरं.

इथे मापाच्या काटेकोरपणाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण माझ्या कामात रोज तिच्याशी गाठ पडते. तुकडा लहान असेल तर शर लहान येतो, आणि लहान शरातली लहानशी चूक मोठी होऊन बाहेर पडते. अडीचऐवजी एक सूत जास्त, २ इंच ५ सूत धरलं असतं, तर त्रिज्या २८ इंच ६ सूत आली असती आणि कमानीची उंची जवळजवळ १३ इंच. म्हणजे एका सुताच्या चुकीने कमान वर इंचभर चढली असती आणि उजवीकडच्या शाबूत विटांना जाऊन भिडली असती. म्हणून पट्टी जरा जरा सरकवून तीनदा माप घेतलं. पट्टी जितकी लांब तितकं बरं. आणि तीनदा सारखंच माप येतं का, हेही पाहायचं. सारखं आलं तर कमान एकाच वर्तुळाची आहे. वेगवेगळं आलं तर ती एका वर्तुळाची नाहीच. वरती टोक निघालेल्या कमानीला दोन केंद्रं असतात, आणि आपल्याकडच्या वाड्यांतल्या पाकळ्यापाकळ्यांच्या महिरपीला तर कितीतरी. तिथे हे सूत्र सबंध कमानीला लावायचं नाही, एकेका पाकळीला लावायचं.

त्रिज्या कळली म्हणजे चौकट झाली असं नाही. ३० इंच ही आतल्या कडेची त्रिज्या. चौकटीची रुंदी ४ इंच. मग बाहेरची कड कशी आखायची? मला वाटतं, दहातले आठ जण आतल्या कडेचाच साचा चार इंच वर सरकवून रेघ मारतील. तसं केलं तर चौकट माथ्यावर चार इंच राहते आणि टोकांपाशी अडीच इंचांच्याही आत येते. केंद्र तेच ठेवायचं आणि त्रिज्या ३४ करायची. खिळा हलवायचा नाही, पेन्सिल हलवायची. आणि खांबाला जिथे कमान जोडायची, तिथली सांध्याची रेघही आडवी नाही, ती थेट केंद्राकडे जाते.

यानंतरचं मी दादांकडून शिकले. मी विचारलं, ही कमान एका फळीतून कापायची ना? ते हसले. सबंध कमान एका फळीतून काढायची तर १६ इंच रुंद आणि साडेचार फूट लांब सागवानी फळी हवी. आणि ती मिळाली तरी उपयोग नाही, कारण लाकडाची रेषा सरळ जाते आणि कमान वळते. टोकांपाशी रेषा आडवी पडते, आणि तिथे लाकूड जरा ताण आला की चिरतं. म्हणून कमान तीन तुकड्यांत करायची, प्रत्येकात रेषा तुकड्याच्या लांबीबरोबर धावेल अशी. मग फोनवर हिशोब केला: प्रत्येक तुकड्याला साधारण २१ इंच लांब आणि साडेपाच इंच रुंद फळी पुरते, सांध्यापुरतं वाढवून घ्यायचं. सोळा इंच रुंदीच्या जागी साडेपाच. खर्चाचं गणित तिथेच फिरलं, आणि आत्याच्या कमानीचा निकालही तिथेच लागला. उजवा जुना तुकडा आतून पोकळ निघाला म्हणून तो वापरला नाही. तो आता माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटावर आहे.

आठ बाय चारच्या एका प्लायवर खऱ्या मापाची आखणी झाली. केंद्राला खिळा, आणि दोरीऐवजी लाकडी पट्टी. त्याचंही कारण आहे: सुती दोरी ताणाल तशी वाढते, आणि ती वाढ सरळ कमानीत उतरते. पुष्कळ जण तीन खिळ्यांमध्ये बांबूची कामटी वाकवून गोलाई घेतात. दिसायला ती सुरेख दिसते, पण वाकवलेली कामटी मध्ये जास्त वळते आणि टोकांना सरळ होते. वर्तुळ तसं नसतं. एकट्या कमानीला ते चालून जातं. तीन तुकडे एकमेकांना जुळवायचे असतील तर नाही चालत.

दुपारी चहा पिताना दादा म्हणाले, "मला भूमितीत पस्तीस कधी पडले नाहीत. त्या प्रमेयांनीच मला शाळेतून घालवलं." मग सहज म्हणून ते मंडपाच्या कमानीविषयी सांगू लागले. गणपतीत बारा फूट गाळ्याची आणि एकच फूट उंचीची कमान मागतात. हिशोब करून पाहा: सहा सक छत्तीस, भागिले एक, अधिक एक सदतीस, निम्मं साडेअठरा. त्रिज्या साडेअठरा फूट! खिळा मारायचा तर कमानीच्या टोकांच्या साडेसतरा फूट खाली. मंडपात कुठे मिळणार एवढी जागा? मग दादा काय करतात? कमानीच्या दोन टोकांना दोन खिळे. दोन लांब पट्ट्या, प्रत्येक पूर्ण गाळ्याएवढी. दोन्ही पट्ट्या माथ्यावर एकत्र येतील आणि एकेका खिळ्याला टेकतील अशा धरायच्या, आणि त्यांच्यामधला कोन आडवी पट्टी ठोकून पक्का करायचा. मग जोडावर पेन्सिल धरून पट्ट्या दोन्ही खिळ्यांना टेकत्या ठेवून सरकवत न्यायच्या. पेन्सिल आपोआप वर्तुळाचा कंस काढते. केंद्राची गरजच नाही.

मित्रमैत्रिणींनो, हे काय आहे? 'एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात.' पक्ष, साध्य, सिद्धता. आपण हे प्रमेय मार्कांसाठी लिहिलं आणि परीक्षा संपल्यावर कंपासपेटीत बंद करून टाकलं. दादांना या प्रमेयाचं नाव माहीत नव्हतं, पण त्यांनी ते दर भाद्रपदात बारा फूट लांबीवर खरं करून दाखवलं. मी त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे असं आहे हे तेव्हाच कळलं असतं तर."

मला आज एवढंच सांगायचं आहे. आपल्या शाळेने मला प्रमेय दिलं, आणि मी इंजिनिअर झाले. प्रमेयाचा हात मात्र मला दादांकडे मिळाला. दादांना घरातून हात मिळाला होता, त्यांना प्रमेय मिळायला हवं होतं. दोघेही एकाच इमारतीत शिकत होतो. आठवड्यातून दोन तास कार्यानुभव होता, त्यात आपण पताका आणि तोरणं केली. भूमितीचा तास त्याच्याच पुढे-मागे असायचा. दोन तासांच्या मध्ये फक्त एक घंटा होती, पण इकडचं तिकडे कधी गेलं नाही. यात मी कोणत्याही बाईंना किंवा सरांना बोल लावत नाही. साठ-साठ मुलांचे वर्ग तुम्ही कसे सांभाळलेत, हे आता आमच्या लक्षात येतं. आम्हाला प्रमेयाची सिद्धता पायरी-पायरीने लिहायला लावली, म्हणून तर वीस-बावीस वर्षांनी सांगलीच्या त्या चौकात मला ती आठवली.

म्हणून एक विनंती आहे, आजच्या शिक्षकांना. वर्षातला एक शनिवार द्या. नववी-दहावीच्या मुलांना प्लायचा तुकडा, खिळा, पट्टी आणि टेप द्या. शाळेतली, गावातली एकेक कमान मोजायला सांगा. सहल लिंबला गेली की बारा मोटांच्या विहिरीवर कमानी आहेतच. मेणवलीला गेली तर नाना फडणविसांचा वाडा आहे. मुलांना विचारा, या कमानीचं केंद्र कुठे आहे, आणि ते एकच आहे का. पेपरात पस्तीस न पडणारी मुलं त्या दिवशी कदाचित पुढच्या बाकावर दिसतील. त्यांना सांगा की तुम्ही हाताने करता त्यालाच भूमिती म्हणतात. आणि पंच्याण्णव पडणाऱ्यांना लाकडाची रेषा कुठे आडवी पडते ते दाखवा.

प्लाय आणि खिळ्यांचा खर्च आपली तुकडी करेल, ते मी सगळ्यांना विचारून ठेवलं आहे. दादांनी यायचं कबूल केलं आहे. त्यांची एकच अट आहे: फळ्यावर आधी मी प्रमेय लिहायचं, आणि मग पट्ट्या ते सरकवणार. तारीख मुख्याध्यापकांनी कळवावी.